मांडीतील सळईस हाड समजण्याबाबत

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
शालेय क्रीडा कार्यालय.

विषय : चारशे मीटर शर्यतीत प्रवेशासाठी माझ्या मांडीतील सळईस हाड समजण्याबाबत.
संदर्भ : "शरीरात धातू आहे" असा शेरा मारून परत आलेला माझा प्रवेश अर्ज.

महोदया,

वरील विषयास अनुसरून मी, इयत्ता दहावीची विद्यार्थिनी, कळविते की, सायकलवरून पडून माझ्या मांडीचे हाड मोडले होते. डॉक्टरांनी आत टायटॅनियमची सळई बसविली. तिच्यावर हाडात असतो तसल्याच कॅल्शियमच्या क्षाराचा पातळ थर आहे. त्यामुळे हाडाला ती परकी वाटत नाही, ते तिला धरून वाढते. माझ्या हाडाने तर अशी मिठी मारली आहे की सोडायचे नावच नाही!

आपल्या नियमाप्रमाणे सळई काढल्याचा दाखला हवा. तो आणावयास गेले तर डॉक्टर म्हणाले, "अगं वेडे, ती काढायची म्हणजे बरं झालेलं हाड पुन्हा फोडायचं. हे यश आहे, यश!" ते यश घेऊन मी आपल्या लिपिक साहेबांकडे आले. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "यश नको, दाखला आण. नाहीतर दिव्यांग गटात विचार." तेथील बाईंनी एक्स-रे खिडकीशी धरला. "बाळा, तुझा पाय माझ्यापेक्षा धड आहे. आमच्याकडे कशाला आलीस?"

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी बुटांच्या नाड्या बांधून उभी.

काल मी डॉक्टरांना सांगितले, "मग फोडाच." आईने दंडाला धरून मला बाहेर काढले आणि घरी येईपर्यंत दंड सोडला नाही. महोदया, यंदा माझी शाळा संपते. पुढच्या वर्षी या शर्यतीचे दार मला बंदच आहे.

तरी विनंती की, सळईस हाड समजून मला प्रवेश द्यावा. मैदानात शिरायला खेळाडूचे ओळखपत्र लागते, म्हणून मी रोज शाळेआधी आपल्या कार्यालयासमोर कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर धावते. आपण खिडकी उघडून एकदा पाहावे. सळई कोणत्या पायात आहे हे ओळखता आले, तर हा अर्ज खुशाल फेटाळावा.

आपली नम्र आणि तयारीत असलेली,
(सही)
दि. ९ जानेवारी

सोबत : आईचे संमतीपत्र (धावण्यासाठी, हाड फोडण्यासाठी नव्हे). एक्स-रे मुद्दामच जोडलेला नाही.