खोक्यातले चार मेलेले

आदरणीय एर्लिंडाताई,

तुमच्या गुडघ्यांना आणि भट्टीला नमस्कार. दोन्ही धगधगत असतील. माझी तब्येत ठीक, राग मात्र अजून उतरलेला नाही.

दोन नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या सणाला, सीमेवरच्या नोगालेसहून तुमचं सणाच्या पावाचं खोकं घेऊन निघालो, ते ओफेलियाच्या थडग्यावर पाचच्या आत ठेवायला. (पाचला दफनभूमीचं फाटक लागतं, आणि तुमच्या बहिणीला उशीर कधी खपला नाही.) वाटेतल्या सीमा-पोलिसांच्या नाक्यावर एका कोवळ्या गोऱ्या शिपायानं अडवलं. अमेरिकेचे नागरिक आहात का? आहे. इथंच सोडायचं असतं. पण त्याला नवी शिकलेली स्पॅनिश परजायची होती. खोक्यात काय, म्हणाला. आपण घरी त्या पावाला जे म्हणतो, तेच मी सांगितलं, “चार मेलेले. बायकोसाठी.”

ताई, साडेचार तास! कायद्यानं वाजवी संशय आधी हवा, खोळंबा नंतर. यांनी आधी खोळंबवलं आणि मग संशय शोधायला लांबून कुत्रा मागवला. तोवर मी बाकावर बसून, तिसरीत ऑर्म्सबीबाईंनी पाठ करून घेतलेली नदीची कविता म्हटली, अकराही कडवी. (त्या वर्गात खिडकीतून चिंचोळी नदी दिसायची. उन्हाळ्यात नुसती वाळू, पण कवितेत पाणी असायचं.) शिपाई चौथ्या कडव्याला उठून गेला.

मग त्याची साहेबीण आली, आपल्यातलीच. “आजोबा, माझी आईपण हाच पाव करते. झाकण उचला, दाखवा आणि निघा.”

“बाई, हा पाव आधी मेलेल्यांनी बघायचा, मग जिवंतांनी. विचारा आईला.”

अखेर कुत्रा आला. खोकं हुंगून पुढं गेला आणि माझ्यासमोर बसला, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘माल इथं आहे’! माझे खिसे उलटे झाले; जपमाळ निघाली. बाईनं माझ्या शर्टाकडं पाहिलं, हसली आणि जा म्हणाली. का हसली, देव जाणे. मी पोचलो तेव्हा राखणदाराचा हात साखळीवर होता.

पुढच्या वर्षी हाच रस्ता, हेच उत्तर. झाकण उघडणार नाही.

तुमचा मेहुणा,
नेमेसियो

ता. क. पुढच्या वर्षी पाच पाव भाजा.

ता. क. २. एक मी पेट्रोलपंपावर खाल्ला होता. बडीशेपेच्या वासानं राहवलं नाही. साखर शर्टावर सांडली. चार सांगून खोक्यातून तीन निघाले असते, तर संशय खरंच वाजवी ठरला असता.

ता. क. ३. चौथा पाव कुणी खाल्ला, तर ओफेलियाला मी कुत्र्याचं नाव सांगितलंय. तुम्हीही तेच सांगा.