सिमेंटच्या स्लॅबवर माळवद

सिडको, औरंगाबाद
वैशाखातला मंगळवार

तीर्थस्वरूप मामा,

जावई बद्रीनाथचा जमिनीला डोकं टेकवून नमस्कार. (जमीन लई तापलेली असल्यामुळं डोकं लगेच उचललं, राग मानू नये.) तुमचा गुडघा, सासूबाईंचा खोकला, बैलजोडी आणि आमचे चिरंजीव, सगळे खुशाल असतील असं धरून चालतो. चिरंजीव आता पालथे पडत असतील. बापानं बघितलं नाही, एवढंच.

पाडव्याला तुम्ही आमच्या झोपायच्या खोलीत पाऊल टाकलंत, वर स्लॅबकडं पाहिलंत आणि म्हणालात, "ही खोली हाय का भट्टी? गार झाली की कळवा, मग पोरगी धाडतो." आणि सुगंधाला अन् बाळाला घेऊन पाचोडच्या यष्टीत बसलात. मामा, मला राग आला नाही. म्हणजे आला, पण गेला. तुमच्या माळवदाच्या घरात ऐन उन्हाळ्यात भरदुपारी गोधडी मागून घेतलेला माणूस मी. मी कोणत्या तोंडानं बोलणार? मातीच्या छताखाली काय झोप लागते म्हणता! असं घर राखणाऱ्याला आपला मुजरा.

तरी आधी मी शहरी शहाणपणा केला. गुलमंडीवरून कूलर आणला. आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं. गार हवा बाहेर पळू नये म्हणून मी खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या, दाराखाली पोतं सारलं. तासाभरात खोलीत अशी वाफ कोंडली की डब्यातले पापड वातड झाले अन् माझ्या पाठीवर घामोळं उठलं. शेजाऱ्यानं खिडकी उघडी ठेवायला सांगितलं. ठेवली, आणि खरंच गार वाटलं! पण तोवर कूलरचं पाणी संपलं आणि नळाची पाळी परवा. कोरडा कूलर नुसत्या झळा फेकतो, मामा. त्या अंगणात फुकट मिळतात.

तेव्हा तुमचं बोलणं आठवलं. "मिशनीला काय कळतंय, डोक्यावर माती पाहिजे." बस्स! म्हटलं, सिमेंटच्या स्लॅबवरच माळवद करू. बिडकीनच्या चतुरा मावशीनं (आईची धाकटी बहीण, तुमच्या ओळखीची) ट्रॅक्टरभर पांढरी माती धाडली. आई अन् मी घमेल्यानं वर चढवली, वीतभर जाड पसरली. अख्खी कॉलनी बघायला लोटली. माती तडकू नये म्हणून रोज संध्याकाळी भांड्या-धुण्याचं पाणी शिंपडत गेलो. मावशीनं माती उकिरड्याच्या कडेची उचललीय, हे तेवढं कुणी बोललं नव्हतं. थोड्याच दिवसांत आमच्या डोक्यावर तांदुळजा अन् घोळ असा तरारला की विचारू नका. आईनं दोनदा परतून केला, झकास झाला होता.

मग म्हाळसाबाईच्या शेळ्यांना वास लागला. ही बाई मागच्या मोकळ्या प्लॉटवर कळप घेऊन उतरलीय. दुपारी माझा डोळा लागला रे लागला की वर टपटप टपटप सुरू. जिन्यानं चढतात, मामा, पाहुण्यासारख्या! भांडायला गेलो, तर मलाच म्हणते, "भाऊ, वर रान तुमी केलं. शेळीला काय ठावं खाली घर हाय?" व्हय म्हणून परत आलो. पण त्या शेळ्यांनी हिरवं सगळं खाल्लं अन् खुरांनी माती अशी चोपून बसवली की गावाकडचा गवंडी काय चोपेल!

आणि मामा, कमाल हाय तुमची! खोली गार झाली. ऐन दुपारी भिंतीला गाल लावून पाहिला अन् पाचोडकडं तोंड करून हात जोडले. तुमच्या बोलण्यात खोट नाही.

फक्त बातमी फुटली. आपली माती कशी बसली ते बघायला मावशी आली, पलंगावर जरा टेकली, ती अजून उठली नाही. मागून तिची नणंद आली. आईनं खाली सतरंजी टाकली. मी सध्या स्वयंपाकघरात ओट्याखाली असतो. तरी तुमच्या अटीप्रमाणं खोली तयार आहे. कधीही येऊन भिंतीला हात लावून पाहावा.

तुमच्या शब्दाबाहेर नसलेला,
बद्रीनाथ

ता. क. मावशीला पलंगावरून उठवायचं कसं, तेवढं कळवावं. तुमचं ती ऐकते.

आणखी एक ता. क. सुगंधा, इथून पुढं मोठ्यानं वाचू नको. मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय अन् पत्र तूच वाचून दाखवतेस, हे मला कळलंय. म्हणून तर शेळ्यांचं एवढं लांबवलं. हसलीस का? मामांनी विचारलं काय लिहिलंय, तर सांग, घरातल्या सगळ्यांना नमस्कार लिहिलाय. खरं सांगू का, भट्टीत तू बाळाला पदरानं वारा घालायचीस, त्यातला थोडा माझ्याकडं यायचा, अन् मला झोप लागायची. आता घर गार पडलंय अन् डोळ्याला डोळा लागत नाय. शनिवारच्या यष्टीनं निघतोय. जावई बिनबोलावता आला म्हणून गाव हसंल, हसू दे. अंगणात माझी बाज टाकून ठेव. तुला न्यायला नाय येत, राहायला येतोय.