जास्तीचा लाभ

आदरणीय साडूभाऊ यांस,

धाकट्या साडूचा नमस्कार. तुमची तब्येत, तुमचा गुडघा आणि तुमची गाण्याची पेटी, तिन्ही उत्तम असतील (पेटीबद्दल मला शंका नाहीच).

मंगळवारी सकाळी अंघोळ करून, सासूबाईंची झोप मोडू नये म्हणून अगदी हलक्या हाताने मी नव्या प्रीअँपची (तुमच्याकडे आहे तशीच, स्पीकरच्या आधी आवाज वाढवणारी पेटी) कळ फिरवली. फिरवली कसली, नुसतं बोट लावलं. स्पीकरमधून देवाचं नाव असं गर्जलं की सासूबाई अंथरुणात ताडकन उठून बसल्या आणि म्हणाल्या, "कोण गेलं?" इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आल्या आहेत, एरवी कायम तुमच्याकडे. चहा घेताना लेकीला म्हणाल्या, "थोरल्यांकडे कसं, कानावर फुंकर घातल्यासारखं वाजतं. मला तिकडेच सोड गं."

तुमची कळ मी पाहिली आहे. घड्याळाचा काटा बारावर यावा तशी मधोमध येते, तेव्हा कुठे गाणं भरात येतं. माझी सातवरून, म्हणजे अगदी सुरुवातीच्या जागेवरून, जरा हलली की कानठळ्या. पुढची सगळी वाट शोभेची.

मेकॅनिकला बोलावलं (तुमचा-माझा एकच). झाकण उघडायच्या आधीच तो म्हणाला, "गेन जास्त आहे. तुम्हीच म्हणाला होतात ना, साडूंपेक्षा जास्त ठेव?" बायको शेजारीच उभी होती, त्यामुळे नाकारता येईना. गेन म्हणजे लाभ, एवढं इंग्रजी आमच्या गावच्या शाळेतही शिकवलं होतं. आणि लाभाला नको कोण म्हणतं? तो म्हणाला, "ही पेटी आवाज दहापट करते. घरात एवढा लागतो कशाला? थोरल्या साहेबांनी पहिल्याच दिवशी तिपटीवर आणून घेतला." हे ऐकून जी जळजळ झाली ती देवापुढे बसूनही शमली नाही. सारं जग लाभ वाढावा म्हणून हात जोडतं, आणि तुम्ही तो कमी करण्यातही माझ्या पुढे.

हट्टाने मी पेटी तशीच ठेवली, वर टॉवेल टाकून (आवाज कमी होत नाही, पेटी तापते). शेवटी सासूबाईंनी पिशवी भरायला घेतली, तेव्हा मेकॅनिकला पुन्हा फोन केला. त्याने तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर काढून दुसरा बसवला आणि लाभ तुमच्याइतका, तिपटीवर आणला. आता कळ थेट बारापर्यंत जाते, आणि सासूबाईंच्या साड्या पिशवीतून परत कपाटात गेल्या आहेत.

लोभ आहेच, तो वाढवा. लाभाचं मी बघतो.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. : सासूबाईंना फोन कराल तेव्हा मागे गाणं लावू नका, एवढ्याचसाठी हे पत्र. त्या ऐकतात आणि माझ्याकडे बघतात.

आणखी ता. क. : वर बारा लिहिलं ते खरं नाही. मेकॅनिकला जिन्यातून परत बोलावून मी लाभ तुमच्याहूनही कमी, दुपटीवर आणून घेतला. माझी कळ आता बाराच्याही पुढे, दोनवर जाते. सासूबाई म्हणतात, "नीट ऐकू येत नाही हो जावईबापू. थोरल्यांकडे कसं खणखणीत वाजायचं." पेटीला मात्र आता हात लावायचा नाही, असं मी ठरवलं होतं. ते पाळलं. आज सकाळी सासूबाईंची खुर्चीच उचलून स्पीकरला चिकटवून ठेवली.