कसोटीला न उतरलेलं औषध

प्रिय दादा,

सप्रेम आणि जरा सकारण नमस्कार. तुमचा खोकला गेला असेल आणि वहिनींचा माझ्यावरचा राग गेला नसेल, अशा समजुतीने पुढे लिहितो. तुमचे वडील इथे खुशाल आहेत. लेकीचे हात पाहून चार दिवसांत परततो म्हणून आले होते, त्याला आता दुसरा ऋतू लागला. आम्हा तिघांत मिळून जेवढी खुशाली होती, ती सगळी सध्या त्यांच्याच वाट्याला आली आहे.

आमवाताने हिची बोटं धरलीत, हे तुम्हांला ठाऊकच आहे. सकाळी मूठ वळत नाही, कात्री मिटत नाही. जिची काजं पाहून बाकीचे शिंपी आपापली काजं झाकून ठेवत, तिच्या मशीनवर चादर पडली. दोऱ्याच्या दुकानावरच्या माडीवर डॉक्टरीणबाई बसतात. गोळ्या थकल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "आता सोन्याची इंजेक्शनं देऊन बघू." सुवर्ण, कनक, हेम, कांचन, हिरण्य हे शब्द पोरांकडून घोकून घेण्यात माझी हयात गेली, त्यांतल्या एकानेही कुणाचा गुडघा वाकल्याचं ऐकिवात नव्हतं. बाईंनी समजावलं, की हा सोन्याचा क्षार. आठवड्याला एक सुई, गुण यायला काही महिने, मधूनमधून रक्त-लघवी तपासायची, अंगावर पुरळ आलं तर लगेच सांगायचं. पूर्वी म्हणे हे क्षयावर देत, तिथे फारसं चाललं नाही. मग ही सांधेदुखी क्षयाचीच कुणी नातेवाईक असावी, अशा गैरसमजातून सांध्यांना दिलं आणि लागू पडलं. (गैरसमजातून जुळलेलं आणि तरी टिकलेलं दुसरं एक उदाहरण मी तिथल्या तिथे देणार होतो, पण हिने डोळे वटारले.)

सासरेबुवा आधी खूश झाले. "वा जावईबापू! इतक्या वर्षांनी लेकीला सोनं घातलंत, तेही कुणाला दिसणार नाही अशा जागी!" इथवर मी सोसलं. पण मग त्यांनी औषध बघायला मागितलं. जन्मभर कस लावल्याशिवाय ज्यांनी सोन्याला हात लावला नाही, त्यांना नाही कसं म्हणणार? त्यांनी पिशवीतून कसोटीचा दगड काढला (तो दगड आणि दातांची कवळी नेहमी एकत्र प्रवास करतात), चिमट्याने बाटलीची मान मोडली आणि औषधाचा थेंब दगडावर घासला. दगड ओला झाला. पिवळी रेघ काही उमटली नाही. चष्मा पुसून पुन्हा घासला. दगड आणखी ओला झाला. "फसवलं तुम्हांला," ते म्हणाले. "ह्यात गुंजभरही सोनं नाही."

तो ओला दगड घेऊन आम्ही माडी चढलो. क्षार म्हणजे धातू नव्हे, हे बाईंनी तीन तऱ्हांनी सांगितलं, आणि शेवटी हात टेकून म्हणाल्या, "आजोबा, रक्तात लोह असतं. म्हणून लोहचुंबक दाखवल्यावर तुम्ही जाऊन त्याला चिकटता का?" सासरेबुवा धोतराच्या सोग्याने दगड पुसत घरी आले. दुसऱ्या दिवशी टाचण्या गोळा करायचं हिचं लोहचुंबक दंडाला लावून बसलेले सापडले. "चिकटत नाही," मला पाहून म्हणाले. "म्हणजे बाई सोन्याबद्दलही खोटं बोलते आणि लोखंडाबद्दलही."

झालं. लेकीच्या अंगात खोटं सोनं जाणार नाही, असा निकाल लागला. मी क्षार आणि धातू यांतला भेद सांगतो. ते मला, ज्याने कधी सोनं वितळवायची मूस पाहिली नाही त्याने सोनाराशी बोलू नये, असं सांगतात. तुमची बहीण कधी बापाकडे बघते, कधी माझ्याकडे, आणि म्हणते, "आधी तुमचं दोघांचं ठरू द्या." तेव्हापासून आम्ही ठरवतोच आहोत. तिचे हात दुखतात म्हणून भांडी त्यांच्याकडे आणि कपडे माझ्याकडे आलेत. ते एकेक पातेलं दागिन्यासारखं उजळतात. सकाळी घेतलेला तांब्या दुपारी सुटतो. ही मात्र मशीन बंद असूनही दर गुरुवारी नेमाने दोरा आणायला जाते. घरात रिळांची रास पडली आहे. दुःखात माणूस असं काहीबाही करतं, म्हणून मी बोलत नाही.

चेष्टा बाजूला ठेवतो. उशीर झाला तर बोटं वाकडी होतील आणि मग सरळ होणार नाहीत, असं बाईंनी बजावलं आहे. रोज सकाळी सासरेबुवा पाणी कोमट करतात, आधी स्वतःचं कोपर बुडवून बघतात, मग लेकीची बोटं त्यात धरून बसतात. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

वहिनींना नमस्कार (त्या घेतील तर).

तुमचा, सर्व बाजूंनी फसलेला,
मेहुणा

ता. क. खरं काम राहिलंच. माझ्यावर त्यांचा विश्वास नाही, डॉक्टरीणबाईंवर तर नाहीच. पण कस लावायला त्यांनी ज्याला स्वतः शिकवलं, त्याचं ते ऐकतील. क्षाराची परीक्षा दगडावर होत नाही, एवढी एक ओळ तुमच्या सराफी दुकानाच्या कागदावर त्यांना लिहून पाठवा. तिचे हात तुमच्या हातात आहेत.

ता. क. (दुसरा) माझे हात साबणाचे आहेत, म्हणून पाकीट हिच्याकडे चिकटवायला देतो. दोऱ्याला निघालीच आहे, जाता जाता पेटीत टाकेल.

दादा, हे अक्षर माझं आहे. वेडंवाकडं आहे, पण माझं आहे. बाबांनी फोडली ती एक बाटली सोडून बाकीच्या मी त्याच आठवड्यात बाईंकडे नेऊन ठेवल्या. दर गुरुवारी सुई घेते, तपासण्याही चालू आहेत, आणि रिकाम्या हाताने परत कसं यायचं म्हणून येताना एक रीळ घेते. बाबा म्हणाले ते सोनं नाही. मला सोनं कुठे हवं होतं? मला बोटं हवी होती. काल दोघं ठरवत बसले होते, तेव्हा मी मागच्या खोलीत एक काज केलं. जरा तिरकं झालं, पण झालं. तू बाबांना लिही, पण सावकाश लिही. पातेल्यांना अशी झळाळी ह्या घरात कधी नव्हती, आणि ह्यांना सदरा उलटा करून वाळत घालायचं आत्ता कुठे जमायला लागलंय.