केलं माफ

सोमवार
काम मिळालं! चर्च झाडायचं, पुसायचं, राहायला मागची खोली. खिडकीत ऊन येतं, नळाला पाणी आहे, आणखी काय पाहिजे मला? आधीची बाई झाडत होती की कोळी पाळत होती, देव जाणे. म्हातारे फादर भले आहेत, पण इतके सावकाश बोलतात की ऐकताना माझा जीव जातो. म्हणाले, सगळं पूस, फक्त पापं कबूल करायच्या त्या लाकडी खोक्यात माझ्या जागेवर बसू नकोस. म्हटलं, फादर, हे अंग तिथं मावायला नको का?

बुधवार
मावलं. मधली जाळी पुसताना गुडघे दुखले, म्हणून टेकले जरा. तेवढ्यात जाळीपलीकडे पुरुषाचं रडणं. म्हणाला, बायकोला तळ्यात ढकललं आणि बुडताना बघत उभा राहिलो. मी सांगितलं, फादर जेवायला गेलेत, नंतर ये. ऐकेना. माफ कर, माफ कर, एकच धोशा. इकडे माझी फरशी अर्धी पुसायची. वैतागून म्हटलं, जा बाबा, केलं माफ, ऊठ आता.
एकदम शांत. पलीकडे जाऊन पाहिलं, कोणी नाही. चर्चच्या दाराला आतून कडी. मीच लावलेली.

गुरुवार
फादरना सांगितलं. त्यांच्या हातातला कप पडला. तो माणूस कधीच मेलाय म्हणे. मरेपर्यंत पस्तावला नाही, मेल्यावर रोज येतो. श्वास आहे तोवर दया मागता येते, नंतर फक्त न्याय, असं सांगून फादर त्याला परत पाठवायचे. मी विचारलं, देवाची दया एवढी आखूड आहे का? म्हणाले, आखूड नाही गं, पण तुझ्या हातची नव्हती. आणि बुडाली ती होती, तू नाही; माफ करायचं तर तिनं.

शुक्रवार
आज जाळीपलीकडे बाई. रडत नाही. तो सुटला, म्हणाली, आता माझा न्याय कुणाकडे मागू? बोलताना तोंडातून पाणी गळत होतं, जाळीतून माझ्या मांडीवर. पण मी तर झाडत होते. मग आत कधी बसले —

शनिवार
खोकला. तोंडातून पाणी पडतंय, शेवाळाच्या वासाचं. फादर म्हणतात, शब्द मागे घे. जाळीशी बसून हाका मारल्या त्या माणसाला. कशाला येतोय तो? सुटलाय. त्याची शिक्षा मात्र इथंच राहिली — कुणाला तरी भोगावी —

रविवार
पापं कबूल करायच्या बाजूला आहे. गुडघ्यांवर. फादरच्या जागेवर ती. म्हटलं, चुकले गं बाई, मला कळलं नाही, दया कर. ती हळूच विचारतेय, श्वास आहे का अजून? आहे म्हणायला तोंड उघडलं तर पाणीच —