सेनापती, राजकन्या आणि माझा घसा

३ फेब्रुवारी
वाग्देवते, जिव्हेवर कृपा असू दे. तिच्याकडून हलके काम करून घ्यावे लागणार आहे.

सौभाग्यवतीच्या उजव्या डोळ्यावर परवा शस्त्रक्रिया झाली. डावा सहा वर्षांपासून नावापुरताच. पट्टी पंधरवड्याने सुटेल. दृष्टी येईल की नाही, ते तेव्हाच कळेल, असे नेत्रवैद्य म्हणाले. तोवर रोज दुपारी वाचून दाखवीन, असा शब्द मी दिला. वाटले, उपनिषदे मागेल. हिने उशीखालून जाडजूड ऐतिहासिक प्रणयकादंबरी काढली! मुखपृष्ठावर घोडा, घोड्यावर सेनापती, त्याच्या मिठीत राजकन्या. मला घोड्याची कीव आली.

४ फेब्रुवारी
शत्रू वेशीवर, आणि सेनापती सज्जाखाली पैंजणांचा नाद ऐकत उभा! असल्या माणसाला कोणी पहारेकरी म्हणूनही ठेवू नये. राजकन्या दोन पानांत तीनदा मूर्च्छित. राजवैद्य झोपले काय? एकाच वाक्यात तिचे डोळे कमळही, हरिणही, दीपही! लेखकाला उपमांचे अजीर्ण झाले आहे.
"पुढे?" ही म्हणाली.

६ फेब्रुवारी
बागेतला प्रसंग. चार पाने नुसते उसासे. ज्या वाणीने चाळीस वर्षे वेदान्तावर प्रवचने केली, तिने "प्रिये, तुझ्यावाचून —" छे! चारही पाने गाळली.
"एकदम चार पानं उलटलीत," ही म्हणाली. "पट्टी डोळ्यांना आहे, कानांना नाही."

८ फेब्रुवारी
युक्ती सापडली. पाने उलटायची नाहीत. प्रणयाच्या जागी आपले घालायचे. प्रवचनकाराला शब्दांचा काय तोटा? आज सेनापतीने राजकन्येचा हात हाती घेऊन देहाच्या नश्वरतेवर पाऊण तास विवेचन केले. उत्तम साधले!
हिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाली, "अहो, हा तर लग्नाआधीच तुमच्यासारखा बोलायला लागला!"

९ फेब्रुवारी
मला बडतर्फ केले! "तुम्ही तुमचं भाष्य वाचा." माझ्या जागी शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. उच्चार अशुद्ध, विरामचिन्हे पायदळी, आणि वाक्यावाक्याला स्वतःची भर — "मेल्या, धर की आता हात! बघतोस काय?"
भिंतीपलीकडून दोघींचे हसणे ऐकू येत होते. भाष्याचे एक पान तीनदा वाचले. इतके हसवणे मला कधी जमले नाही. हे वाक्य खोडावे काय? — राहू दे.

१२ फेब्रुवारी
बाईंकडे शिवणाची घाई, आल्या नाहीत.
"मी वाचतो," मी म्हणालो.
"सगळं?"
"सगळं."
"मध्ये उपदेश नाही?"
"नाही!"
नेमके पत्राचे प्रकरण निघाले. कान तापले, घसा कोरडा पडला. तरी एक अक्षर गाळले नाही.
"परत वाचा ना."
"कोठून?"
"'प्रिये'पासून. तिथं अडखळलात, ते छान वाटलं."
पुन्हा वाचले. पुन्हा अडखळलो.
लेखकावरचा राग मात्र तसूभरही उतरलेला नाही. वेढा पडलेल्या किल्ल्यातून रोज प्रेमपत्र बाहेर जाते आणि शत्रूला पत्ता नाही! हा शत्रू की टपालखाते?

१६ फेब्रुवारी
ग्रंथ संपला. शेवटच्या पानावर राजकन्या पळवली गेली आणि "क्रमशः"! सहाशे पाने सोसून हे? लेखकाला समोर बसवून जाब विचारला पाहिजे. हिला काळजी उद्याच्या पट्टीची नाही, राजकन्येची!

१७ फेब्रुवारी
पट्टी सुटली. नेत्रवैद्यांनी डोळ्यासमोर बोटे धरली. "किती?" हिने हात पुढे करून बोटे चाचपली. मग त्यांनी विचारले, "बरं, उजेड कुठून येतोय?"
खिडकी समोर होती. हिने दाराकडे हात केला.
परतताना माझी बाही घट्ट धरून चालली. 

१८ फेब्रुवारी
सकाळीच वाचनालय गाठले. ग्रंथपालबाई चष्म्यावरून पाहत राहिल्या — मी, आणि हे पुस्तक! पुढचे भाग चार आहेत. चारही घेतले.

देवा, वाचणाऱ्या सर्वांची दृष्टी शाबूत राहो. आणि ज्यांची मावळेल, त्यांना कोणीतरी एकही ओळ न गाळता वाचून दाखवो.