ड्यूकचं आजोळ

॥ श्री ॥
मंगला गौरी, वाराणसी
२ फेब्रुवारी १९९७

चि. श्रीरामास अनेक आशीर्वाद.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पस्तीस वर्षं काढलीस, आता सख्ख्या बहिणीच्या उपयोगी पड. आमच्या मोहल्ल्यात बँकेचे एक मॅनेजर, विष्णुबाबू, राहायला आले आहेत. काल त्यांनी माझ्या ड्यूकला पाहिलं आणि सरळ सांगितलं की सवा वर्षापूर्वी त्यांच्या जुन्या बंगल्यातून चोरीला गेलेलं अल्सेशियनचं पिल्लू ते हेच. बरोबर त्यांची नऊ वर्षांची मुक्ता होती. ती ड्यूकच्या गळ्यात पडून रडली. सोळा तारखेला, रविवारी, ते चौकीतल्या हवालदाराला घेऊन येणार आहेत. मला चोर म्हणाले नाहीत, बहनजीच म्हणाले. पण पुढे केलेल्या चहाला हात लावला नाही.

ड्यूक मला त्याच सुमारास देवळाच्या पायऱ्यांवर टोपलीत सापडला, हे तुला ठाऊक आहे. मोहल्ल्याला मी सांगून ठेवलंय की तो अस्सल अल्सेशियन, लखनौच्या एका कर्नलकडचा. आता सगळे विष्णुबाबूंच्या बाजूने साक्ष देतील, आणि तीही माझ्याच शब्दांत. तो मिश्र जातीचा आहे असं सर्टिफिकेट तुझ्या सहीने ताबडतोब पाठव. फोटो सोबत आहे.

लोभ आहेच, तो दाखवायला हा आठवडा बरा.

तुझी,
विद्युताई

॥ श्री ॥
इंदूर
७ फेब्रुवारी १९९७

ती. विद्युताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून तुझी भावजय शरदिनी हसली. मला हसू आलं नाही. फोटो बघून मी म्हशीचंसुद्धा सर्टिफिकेट कधी दिलं नाही, आणि तो कर्नल तू एकदा चुकून मलाही लिहिला होतास.

ड्यूकच्या मागच्या पायांना आतल्या बाजूने जादा बोट आहे का, बघ. अल्सेशियनला ते सहसा नसतं. शेपूट पाठीवर वळते का, तेही बघ. पण एवढ्याने भागायचं नाही. खरा पुरावा म्हणजे त्याची आई. टोपली कुणी ठेवली ते शोधून काढ.

आणि ताई, आई सापडलीच नाही, तर तो विष्णुबाबूंचा असू शकतो, हेही मनाशी धरून ठेव. ती मुलगी सवा वर्ष वाट बघते आहे.

लोभ वाढावा, राग आला असेल तर तोही कळवावा.

तुझा,
श्रीराम

॥ श्री ॥
मंगला गौरी, वाराणसी
१६ फेब्रुवारी १९९७

चि. श्रीरामास अनेक आशीर्वाद.

राग आला होता. तरी मागचे दोन्ही पाय तपासले. जादा बोटं आहेत. मग फूलवाल्या, नावाडी, दूधवाला, सगळ्यांना विचारत फिरले. रात्री ड्यूक पायाशी झोपला की रविवारला किती दिवस उरले ते मोजत बसायची.

काल मणिकर्णिकेच्या घाटावर चितेच्या लाकडांच्या वखारीतला एक म्हातारा म्हणाला की टोपली त्याचीच. त्याच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली, चार थंडीने गेली; पाचवं त्याने देवळाच्या पायऱ्यांवर ठेवलं, कुणी बाई उचलेल म्हणून. बाप कुठल्याशा बंगल्यातला कुत्रा होता, पण त्याने नाव सांगितलं नाही, असं म्हातारा म्हणाला. कुत्री लाकडांवर झोपली होती. शेपूट वळलेली, मागच्या पायांना तीच बोटं.

आज म्हाताऱ्याला आणि कुत्रीला घेऊन आले. सगळ्या मोहल्ल्यासमोर सांगितलं की कर्नल मी बनवलेला होता, आणि ड्यूकची आई मणिकर्णिकेच्या लाकडांवर झोपते. हवालदाराने दोघांची बोटं मोजली. तोवर विष्णुबाबूंचा हात ड्यूकच्या डोक्यावर होता. तो त्यांनी उचलला, रुमालाने पुसला, आणि म्हणाले की असलं जनावर त्यांच्या घरात चालणार नाही.

ड्यूक माझा राहिला. मला हायसं वाटायला हवं होतं, पण त्या रुमालाने माझं डोकं फिरलं. नळ समोर आहे आणि साबण मी देते, असं त्यांना सुनावलं.

मुक्ता मात्र ड्यूकला धरूनच होती. बापाने दोनदा हाक मारली तरी हलली नाही. मग तिने मला विचारलं की त्याची आई लांब राहते का. मी म्हटलं, पायी पंधरा मिनिटं. उद्या चार वाजता तिला तिथे न्यायचं कबूल केलं आहे. त्यासाठी सकाळी विष्णुबाबूंच्या दारात जाऊन परवानगी मागावी लागेल. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.

लोभ आहे तसा राहू दे. मीही आहे तशीच आहे.

तुझी,
विद्युताई